कुडाच्या भिंतींचं वाचनालय : जव्हार तालुक्यातल्या एका कामाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

ग्रामसभेत आज जागा पक्की झाली. पाड्याच्या वरच्या अंगाला, विहिरीच्या वाटेवर, मोठ्या मोहाच्या पूर्वेला. सोळा फूट बाय चोवीस फुटांची एकच खोली आणि तिला दोन बाजूंनी रुंद पडवी. पोरांच्या अभ्यासासाठी, पुस्तकांच्या दोन कपाटांसाठी आणि पावसाळ्यात बचत गटाच्या बैठकीसाठी. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवी या डोंगरउतारावरच्या झुडपाच्या उभ्या काठ्या आणि त्यांवर दोन्ही अंगांनी माती-शेणाचं लिंपण. वर बांबूचं छप्पर आणि कौलं.

नाशिकहून पदवी घेऊन आलेला एक तरुण उठला आणि म्हणाला, "आमची पोरं शिकायला लागली, त्यांना तुम्ही परत कुडातच बसवणार का?" प्रश्न रास्त होता. कूड म्हणजे गरिबी, हे इथल्या माणसांना सरकारी अर्जांपासून पाहुण्यांच्या बोलण्यापर्यंत सगळीकडे ऐकवलं गेलंय. मी लगेच उत्तर द्यायचं टाळलं. मागच्या रांगेतून एक मावशी बोलल्या, "घरकुलात आमची गोणी ठेवतो. निजतो कुडात." सभेत बऱ्याच माना हलल्या.

प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं आणि सपाट भागात त्याला १ लाख २० हजारांचं अनुदान मिळतं. ज्याला ते मिळालं त्याने ते घ्यावंच, चांगलं घर हा त्याचा हक्क आहे. पण विटा, सिमेंट आणि पत्र्याची ती खोली एप्रिल-मे महिन्यात दुपारी बसवत नाही, हे इथे सगळे जाणतात. शेजारीच जुनं कुडाचं घर असेल तर माणसं तिथे जातात. जे घर माणसं स्वतःहून निवडतात त्याच्याकडून शिकून सार्वजनिक इमारत बांधायची, एवढाच या कामाचा हेतू आहे.

सभा आटोपती घेतली, कारण निम्म्या घरांची आवराआवर चालली होती. दिवाळी झाली की इथली कुटुंबं भिवंडी, वाडा, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. मातीचं काम ज्यांच्या हातात आहे तेच लोक बांधकामाच्या हंगामात शहरांसाठी विटा पाडायला गेलेले असतात. आपलं वेळापत्रक याच गोष्टीभोवती बसवावं लागणार.

८ डिसेंबर

पाड्यातल्या सर्वांत जुन्या घराची मापं घेतली. घराचे मालक आणि या भागातले जाणते मिस्त्री एकच. सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही.

जोतं दगडी, दीड फूट उंच. वळचण भिंतीच्या तीन फूट पुढे आणि इतकी खाली उतरलेली की वाकूनच आत शिरावं लागतं. भिंतीचा वरचा हातभर पट्टा लिंपलेला नाही. काठ्यांच्या फटींतून धूर बाहेर जातो आणि वारा आत येतो. दमट हवेच्या भागात भिंत जाड असण्यापेक्षा वारा खेळता असणं महत्त्वाचं, आणि ते या पट्ट्याने साधलंय. पश्चिमेची बाजू गोठ्याला दिली आहे. पावसाची झड तिकडूनच येते, म्हणजे राहत्या खोलीवर तिचा थेट मारा होत नाही.

दोन वासे मुद्दाम खाली उभे राहून बघितले. चुलीवरचा वासा काजळीने काळा, टणक, नखाने ओरखडाही उठेना. त्याच वर्षी घातलेला पडवीतला वासा मात्र घुणाने पोखरलेला. खालून टिचकी मारली की पांढरी पूड झरते. बाबा म्हणाले, "चूल पेटते तवर घर राहतं."

माझ्यासाठी आजच्या दिवसाचं सगळं सार या वाक्यात आहे. या घराची देखभाल रोजच्या जगण्यातूनच होते. धूर छप्पर राखतो, बाईचा हात जमीन सारवतो, सुगी झाली की भिंती पुन्हा लिंपल्या जातात, पावसाआधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, होते. वाचनालयात ना चूल असणार ना कुणी राहणार. गेल्या काही वर्षांत बांबू-मातीच्या हौसेने बांधलेल्या ज्या इमारती पाचेक वर्षांत ढासळलेल्या बघितल्या, त्यांत साहित्याचा दोष मला कुठे दिसला नाही. त्यांच्या रचनेत रोजच्या हातांची जागाच ठेवलेली नव्हती.

म्हणून आज दोन गोष्टी ठरवल्या. धुराच्या जागी, घूण लागू नये म्हणून, बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया द्यायची. आणि अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर एक ओळ घालायची : दर वर्षीचं लिंपण आणि शाकारणी, दहा वर्षांची मजुरी. देणगीदारांनी ती ओळ मान्य केली तरच पुढे जायचं.

२४ जानेवारी २०२५

बांबूतोड सुरू. पौषातला अंधारा पंधरवडा, अमावस्या २९ तारखेला. इथे बांबू कापायचा तो पावसाळा सरल्यावर थंडीत आणि अंधाऱ्या पक्षात. थंडीचं कारण स्पष्ट आहे. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असतात, तेव्हा बांबूत पिष्ट (स्टार्च) आणि पाणी भरपूर असतं, आणि भुंगा येतो तो त्या पिष्टासाठीच. चंद्राचं गणित बाबांच्या आजोबांपासून चालत आलंय. आम्ही दोन्ही पाळलं.

बेटात कोणता बांबू घ्यायचा हे बाबा कोयत्याची मूठ आपटून ठरवतात. कोवळ्याचा आवाज बद्द, पिकल्याचा खणखणीत. शिवाय पिकलेल्यावर पांढरे डाग चढलेले असतात आणि पेरांवरची टरफलं गळून गेलेली असतात. तीन-चार वर्षांचा असावा. जुने बांबू बेटाच्या मधे असतात, म्हणून एका बाजूने वाट करून आत शिरायचं आणि कडेचे कोवळे राखायचे. काप जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर घ्यायचा, नाहीतर बुंध्याच्या पेल्यात पाणी साठून बेट कुजतं.

ही बेटं लोकांच्या बांधावरची आहेत, त्यामुळे कागदाची अडचण आली नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' धरला होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळला, वनाबाहेरचा बांबू मोकळा व्हावा म्हणून. त्याआधी स्वतःच्या बांधावरचा बांबू कापून नेणाऱ्यालाही परवान्याच्या मागे फिरावं लागे. या कलेला जिवंत ठेवण्यात अशा एका ओळीच्या दुरुस्तीचा वाटा किती मोठा असतो, हे हस्तकलेच्या प्रदर्शनांतून कधी कळत नाही.

१ फेब्रुवारी

हौद तयार झाला. जमिनीत चर खणून ताडपत्री अंथरली, विटांचा खर्च नाही. दीड भाग बोरॅक्स, एक भाग बोरिक ॲसिड, पाण्यात पाच-सहा टक्के. बांबूच्या आतले पडदे लांब सळईने फोडले म्हणजे द्रावण पेरापेरांत शिरतं. बांबू आठवडाभराहून जास्त बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत उभे वाळवायचे. उरलेलं द्रावण ओढ्यात जाऊ द्यायचं नाही, शेवटच्या खेपेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरायचं. इथली जुनी पद्धत बांबू वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवायची होती, त्यानेही पिष्ट निघून जातं. पण आता फेब्रुवारीत ओढ्याला पाणी उरत नाही.

१६ फेब्रुवारी

कारवीतोड. आज दिवसभर उतारावर होतो.

कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढत राहते, मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो, आणि बी धरून ती मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ साली फुलली. इथे पट्ट्यापट्ट्याने फुलते. या उताराचा बहर गेल्या पावसाळ्यात होऊन गेला. आता सगळ्या काठ्या उभ्या वाळल्या आहेत, पुरुषभराहून उंच, सरळ आणि हलक्या.

बाबांनी कापायची रीत दाखवली. आधी शेंड्याची बोंडं हाताने मोडून तिथेच उतारावर टाकायची. फुलल्या फुलल्या बी पडत नाही. ते वाळल्या बोंडात राहतं आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला बोंड तडकून बाहेर उडतं. शेंड्यासकट मोळी घरी आणली तर बी अंगणात उडणार आणि डोंगर उघडा पडणार. "जित्ती कारवी कापायची नाय. मेलेली आपली, जित्ती डोंगराची," बाबा म्हणाले. मुळं मात्र कुणीच उपटत नाही, पावसात माती धरायला तीच असतात.

हा उतार वनजमिनीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, तिच्यात बांबू, वेत, मध, लाख यांच्यासोबत काटक्या-झुडपांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पूर्वापार गोळा केलं जाणारं गौण वनोपज घ्यायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क ग्रामस्थांचा. ग्रामसभेने ठराव केला, कोणता पट्टा कापायचा आणि कोणता राखायचा ते नकाशावर रंगवलं आणि वनरक्षकांना प्रत दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हातात घेतले. त्यामुळे आज आमच्यासारख्या छोट्या कामांना एक पायवाट आहे.

पर्यावरणपूरक रचनेच्या चर्चा साहित्यापासून सुरू होतात. बांबू चांगला की कॉंक्रीट, माती चांगली की फ्लाय ॲश. इथे उतारावर उभं राहिलं की दिसतं, पहिला प्रश्न जंगल कुणाच्या ताब्यात आहे हा आहे. ज्यांना कारवीचं वर्ष कळतं त्यांनाच कापायचा हक्क नसेल, तर ही भिंत एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात शोभेला तेवढी उरेल.

२ मार्च

तालुक्याच्या गावी दिवस गेला. एका कार्यालयात अंदाजपत्रकाचा नमुना मिळाला. त्यात वीटकाम आहे, गिलावा आहे, कॉंक्रीट आहे, पण कुडाची बाब नाही. जिचा दर नाही तिला खर्च दाखवता येत नाही, म्हणून पुष्कळदा इमारत मुकाट्याने सिमेंटची होते. आमचा पैसा देणगीचा आहे, त्यामुळे आम्ही सुटलो. तरी दर काढून ठेवतेय : दहा फूट बाय आठ फुटांच्या एका कुडाला किती काठ्या, किती कांबट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या), किती माती आणि कुणाचा किती वेळ लागतो. पुढच्या माणसाला कोरा कागद घेऊन बसावं लागू नये.

संरचना अभियंत्यांशी चांगली चर्चा झाली. बांबूच्या संरचनेसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५९१२, आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेतही बांबूचा स्वतंत्र विभाग आहे. त्यांची चिंता भूकंपाची होती आणि ती अगदी योग्य. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये चार रिश्टरच्या वरचा धक्का बसला होता. अशा वेळी जड भिंत आणि सुटं छप्पर धोक्याचं. कुडाची भिंत वजनाला हलकी, भार खांबांवर, आणि काठ्या-कांबट्यांची वीण वाकते पण कोसळत नाही. आसामात १८९७ च्या महाभूकंपानंतर लाकडी चौकटीत इकरा गवताच्या लिंपलेल्या भिंती घालून घरं बांधायची पद्धत रुळली, ती याच कारणाने. कूड तिची सख्खी बहीण म्हणावी इतकी जवळची.

अभियंत्यांनी एक बदल सुचवला, कोपऱ्यांत तिरके बांबू घालायचे. बाबांना फोन लावला. ते म्हणाले, गोठ्याला आम्ही घालतोच, दिसू नये म्हणून कुडाच्या आतल्या अंगाला बांधू. दोघांचं एका वाक्यात जमलं.

आम्ही सिमेंट अजिबात वापरणार नाही, असं नाही. खांबांच्या बैठकीच्या दगडांत लोखंडी खुंट्या बसवायला थोडं लागेल. पण जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे, आणि त्यातला मोठा भाग इंधनाचा नसून चुनखडीचाच आहे. चुनखडी भाजली की तिच्यातला वायू सुटतो, भट्टी कशावरही पेटवा. म्हणून ते जिथे खरोखर लागतं तिथेच आणि लागतं तेवढंच वापरायचं.

१८ मार्च

होळीला भट्ट्यांवरची माणसं घरी आली. ती परत जाऊ नयेत म्हणून मजुरी भट्टीच्या बरोबरीने ठरवली, आणि उचल फेडायची असलेल्या दोन कुटुंबांना आगाऊ दिली. लिंपणाच्या कामाचा दर मिस्त्रीकामाइतकाच. 'बायकांचं काम' म्हणून तो कमी लावायची सगळीकडे रीत आहे. पण या भिंतीचं आयुष्य लिंपणावर आहे, काठीवर नाही.

खांब उभे राहिले. नवं लाकूड तोडलेलं नाही. घरकुलं झाल्यावर मोडलेल्या जुन्या घरांच्या मेढी पाड्यात पडून होत्या, साग आणि ऐनाच्या. त्यांचा जमिनीत गेलेला हातभर भाग वाळवीने खाल्लेला, वरचा भाग आणखी दोन पिढ्या चालेल असा. खराब बुंधे कापले आणि खांब दगडांवर बसवले. कौलंही जुनीच, पत्रे चढलेल्या घरांवरून उतरवलेली.

५ एप्रिल

कूड विणणं. मोठी माणसं काठ्या निवडत होती, पोरं साल सोलत होती.

काठ्यांची आधी जाडीप्रमाणे वाटणी होते. मग एक काठी बुंधा खाली, दुसरी बुंधा वर, अशा आळीपाळीने शेजारी शेजारी उभ्या. सगळे बुंधे खालीच ठेवले तर वरती फटी राहतात आणि कूड पंख्यासारखा उघडतो. दोन्ही अंगांनी दीड-दीड फुटावर बांबूच्या आडव्या कांबट्या, आणि समोरासमोरच्या कांबट्या एकमेकींना बांधायच्या. बांधायला मुरुडशेंगेच्या सालीचे पट्टे, रात्रभर भिजवलेले. ओले असताना आवळले की वाळताना आणखी घट्ट बसतात. प्लास्टिकची दोरी स्वस्त पडली असती, पण ती उन्हात ठिसूळ होते आणि वाळल्यावर आवळत नाही. बाबा प्रत्येक गाठ अंगठ्याने दाबून बघतात, आणि एखादी आवडली नाही तर काही न बोलता सोडतात. बांधणारा पोरगाही काही न बोलता पुन्हा बांधतो.

नाशिकचा पदवीधर आज दिवसभर होता. प्रत्येक कुडाला लागलेला वेळ आणि काठ्या तोच लिहून घेतोय.

१३ एप्रिल

माती. तळ्याकाठची चिकण आणि बांधावरची लाल, त्यात पेंढ्याचे बोटभर तुकडे आणि शेण. पायांनी मळून ओल्या गोणपाटाखाली आंबत ठेवलेली आज उघडली. वास उग्र, पण पोत लोण्यासारखा. आंबल्यावर ती जास्त चिकटते आणि वाळल्यावर पाण्याला जास्त दाद देत नाही. पहिला थर थापायचा नसतो, तळहाताने मारायचा असतो. गोळा काठ्यांच्या फटीतून पलीकडे डोकावला पाहिजे आणि पलीकडच्या बाईने तो दाबून पसरवला पाहिजे. दोघी समोरासमोर, भिंत मधे, आणि मारायचा ताल एकच. हा थर वाळताना भेगा पडणारच. त्या भेगांत दुसरा थर धरतो, बारीक चाळलेली माती, शेण आणि भाताचं तूस.

वरचा हातभर पट्टा जुन्या घरासारखाच मोकळा सोडला. पुस्तकांच्या कपाटांमागे मात्र पूर्ण लिंपलं.

७ मे

काल आणि आज वादळी पाऊस. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात! छप्पर चढलेलं होतं म्हणून भिंती वाचल्या, पण पश्चिमेचा दुसरा थर अजून ओला आहे. आडोशाला पेंढ्याचे ताटवे बांधले. लिंपणाची आखणी करणाऱ्या आजी म्हणाल्या, लिंपण कधी करायचं हे आम्ही फुलांवरून, वाऱ्यावरून ठरवायचो, आता वाराच फसवतो.

पारंपरिक ज्ञानाला हवामान बदलाचं उत्तर म्हणणं सोपं आहे. ते ज्ञान ज्या ऋतुचक्रावर बेतलंय तेच हलतंय, हेही सोबत सांगायला हवं. पुढच्या कामात लिंपण एप्रिलच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे.

२७ मे

मोसमी पाऊस काल मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून. आजवरचं सर्वांत लवकर आगमन, असं हवामान विभागाने जाहीर केलंय. इथेही धो धो. जमीन चोपून झाली होती, सारवणाचे दोन हात राहिले ते आत शेकोटी पेटवून, वाळवत वाळवत केले. पूर्वेच्या भिंतीवर गेरू लागला आहे, पश्चिमेची तशीच ठेवली.

२० जुलै

जव्हारला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला मोठा वाटा या महिन्याचा. आज बारकाईने पाहणी केली.

वळचणीने काम केलं आहे. तीन बाजूंच्या भिंती कोरड्या. पश्चिमेला, ताटवा वाऱ्याने सरकला तिथे, परातीएवढं लिंपण सुटलं आहे आणि काठ्या दिसताहेत. काठ्या हाताने दाबून पाहिल्या, घट्ट आहेत. पाऊस थांबेपर्यंत काही करायचं नाही, नुसता ताटवा बांधायचा. दोन कौलं वानरांनी सरकवली, ती पोरांनीच बसवली. बांबूला कुठे पूड नाही. आत बुरशीचा वास नाही, तो मोकळ्या पट्ट्यामुळे.

पोरं संध्याकाळी येतात. भिंतीला पाठ टेकून बसतात. सिमेंटच्या खोलीत या दिवसांत भिंतीला घाम येतो आणि पाठ ओली होते, असं त्यांच्यातलीच एक मुलगी म्हणाली.

७ सप्टेंबर

पूर्वेच्या भिंतीवर वारली चित्रं काढायची का, यावर बायकांची बैठक झाली. लग्नातला चौक, म्हणजे लग्नविधीचं भिंतीवरचं चित्र, इथे काढायचा नाही, तो लग्नघराचा, यावर सगळ्यांचं एकमत. शेती, जंगल, तारपा नाच चालेल. गेरूवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने.

या चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०११ मध्ये वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली. चित्र कागदावर, कापडावर, विमानतळांच्या भिंतींवर पोचलं, त्याचा अभिमान आहेच. पण ज्या भिंतीसाठी ते जन्मलं ती भिंत मागेच राहिली. चित्राला दाद देणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या भिंतीकडेही बघायला हवं. ती गोळा करणाऱ्याचं, विणणाऱ्याचं आणि लिंपणारीचं ज्ञान तितकंच मोलाचं आहे.

९ नोव्हेंबर

पाऊस दिवाळी उलटल्यावरही रेंगाळला. कापलेलं भात भिजलं, त्यामुळे सगळ्यांचे हात आधी तिकडे. त्यातच काही कुटुंबं भट्ट्यांवर निघून गेली. लिंपण या आठवड्यात सुरू झालं. अंदाजपत्रकातल्या त्या ओळीमुळे सहा जणींची मजुरी बाजूला होती, आणि त्या थांबल्या. पश्चिमेची सुटलेली जागा भरताना जुनीच माती खरवडून, भिजवून, पुन्हा मळून वापरली. नवी माती चार पाट्या लागली, टाकून द्यायला काहीच उरलं नाही. पश्चिमेची वळचण आणखी दीड फूट पुढे काढायची असं बाबांनी ठरवलं, त्यासाठी राखलेले बांबू आहेतच.

२३ नोव्हेंबर

ग्रामसभा. देखभालीची वही आता बचत गटाकडे असेल. लिंपण भातकापणीनंतर, शाकारणी मेच्या पहिल्या आठवड्याआधी. पश्चिमेचा कूड सर्वांत आधी बदलावा लागणार, म्हणून कारवीचा एक पट्टा नकाशावर त्याच्यासाठी राखून ठेवला. तो अजून फुललेला नाही.

शेजारच्या पाड्याने धान्यबँकेसाठी अशीच खोली मागितली आहे. तिथे जमीन उताराची, वारा जास्त आणि उंदरांचा बंदोबस्त करावा लागेल. बाबा जागा बघून आले. जोतं तीन फूट आणि कूड दुहेरी असावा असं त्यांचं म्हणणं. दरांचा तक्ता पदवीधर मुलाने पूर्ण केला आहे, त्यावरून या वेळी अंदाजपत्रक तोच करेल. रचनेचं मानधन बाबांना आणि लिंपणाची आखणी करणाऱ्या आजींना वेगळं धरलं आहे, मजुरीत मिसळलेलं नाही. नकाशाखाली रचनाकार म्हणून दोघांची नावं जातील. परवानगीच्या अर्जात त्यासाठी रकाना नाही, म्हणून सोबत स्वतंत्र पत्र जोडतेय.